‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर लॅपटॉप घेऊ नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकी, बीसीए आणि बीएस्सी संगणकशास्त्राच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली की खान्देशात एकच प्रश्न घरोघरी फिरू लागतो : “भाऊ, पोऱ्याले कोनता लॅपटॉप लेऊ?” विचारणारा बाप बहुधा कापूस नाहीतर केळी पिकवणारा, किंवा तालुक्याच्या गावी नोकरी करणारा. पन्नास-साठ हजारांची जुळवाजुळव त्याने कशीबशी केलेली असते. उत्तर मात्र मिळते दुकानातल्या पाटीवरून : ‘आय५, ८ जीबी, ५१२ एसएसडी, बॅग-माउस फ्री’. सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटसाठी घ्यायच्या यंत्राबद्दल या पाटीवरून जवळजवळ काहीच कळत नाही. पाटीवर जे लिहिलेले नसते, त्यावरच पुढची चार वर्षे सुखाची की रडकथेची हे ठरते. म्हणून हे पत्र.

आधी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, कारण प्रोग्रामिंग करणाऱ्याचे घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. विंडोज ११ सुरू होऊन नुसते बसले तरी तीन-साडेतीन जीबी व्यापते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीन चालवायलाही रॅममधूनच वाटा जातो. ब्राउझरच्या दहा-बारा टॅबना दीड-दोन जीबी, कोड लिहिण्याचा एडिटर व्हीएस कोड आणि त्यातली एक्स्टेन्शन मिळून एखाद जीबी. ८ जीबीचा हिशेब इथेच संपत आला. त्यावर अँड्रॉइड ॲप बनवण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की तो स्वतः, त्याच्या मागे चालून ॲप जुळवणारे ग्रेडल आणि पडद्यावर आभासी फोन दाखवणारा इम्युलेटर मिळून आणखी पाच-सहा जीबी मागतात. रॅम उरली नाही की विंडोज एसएसडीचा, म्हणजे फाइली कायमच्या साठवणाऱ्या डिस्कचा, एक भाग रॅमसारखा वापरू लागते. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमपुढे ती फारच मंद. मग माउसचा बाण अडकतो, टाइप केलेले अक्षर दोन सेकंदांनी उमटते आणि ‘लॅपटॉप हँग होतो’ अशी तक्रार घरी येते. दोष दिला जातो प्रोसेसरला. प्रत्यक्षात टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क १०० वर आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) वीस-तीस टक्क्यांवर निवांत, असे चित्र दिसते. गुगलच्या स्वतःच्या यादीतही अँड्रॉइड स्टुडिओ इम्युलेटरसह चालवायचा तर किमान १६ जीबी लिहिलेली आहे. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल-२ तर कोणी न सांगता एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत हात मारू शकते. प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारे डॉकर त्याच्यावरच बसते.

तेव्हा आज नवा लॅपटॉप घ्यायचा तर १६ जीबीचा. ऐपत खरोखरच तेवढी नसेल तर ८ जीबी चालेल, पण रॅमची पट्टी बसवायचा एक स्लॉट रिकामा असेल तरच. पहिल्या दोन वर्षांतल्या सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन आणि एसक्यूएलला ८ जीबी पुरते. ओढाताण सुरू होते ती तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला. यात एक नवी भानगड आहे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिपांची मोठी उचल झाल्याने रॅमचे भाव चढले आहेत. ‘आता आठ घ्या, पुढे स्वस्तात वाढवू’ हा जुना सल्ला त्यामुळे पूर्वीइतका बिनधोक राहिलेला नाही. त्याच मॉडेलच्या ८ आणि १६ जीबीतला फरक आणि सुट्या पट्टीचा आजचा भाव, दोन्ही विचारावेत आणि मग ठरवावे. आधीच ८ जीबीवर अडकलेल्यांनी इम्युलेटर बंद करून स्वतःचा मोबाइल केबलने जोडावा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचे. दोन-तीन जीबी तिथल्या तिथे मोकळे होतात आणि ॲप खऱ्या फोनवर दिसते, ते वेगळेच.

स्लॉट आहे की नाही हे काउंटरवरच्या पोराला विचारू नये, स्वतः पाहावे. चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ या ओळीत ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर कायमची डाक दिलेली आहे. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे ‘४ पैकी ४’ किंवा ‘८ पैकी ८’ असे काही दिसले तर हुरळून जाऊ नये, त्या चिपांच्या जागा असतात. एलपीडीडीआर५ असे लिहिलेली रॅम जवळपास नेहमी डाक दिलेलीच. काही मॉडेलांत ८ जीबी बोर्डावर आणि शेजारी एक मोकळा स्लॉट अशी सोय असते, ती चांगली. पट्टी घेताना डीडीआर४ की डीडीआर५ हे नीट पाहावे, दोहोंची खाच वेगळी असते आणि एक दुसऱ्यात बसत नाही. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की दोन्ही मार्गांनी काम चालते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला चांगलाच हुरूप येतो.

आता प्रोसेसर. ‘आय५’ हे आडनाव झाले, नाव पुढे असते. आय७-१२५५यू मध्ये मोठे कोअर (चिपमधले काम करणारे भाग) दोन, छोटे आठ. तो १५ वॅटचा. आय५-१२४५०एच मध्ये मोठे चार, छोटे चार, आणि तो ४५ वॅटचा. मोठा प्रोजेक्ट बिल्ड करायला, म्हणजे कोडचे चालणारे ॲप बनवायला, लावला तर हा ‘आय५’ त्या ‘आय७’च्या पुढे निघून जातो. अर्थात तो बॅटरीही तशीच पितो. ज्याला दिवसभर चार्जिंगशिवाय बसायचे आहे त्याने शेवटी ‘यू’ असलेला घ्यावा, ज्याचे टेबल आणि प्लग ठरलेले आहे त्याने ‘एच’. सेलेरॉन, एन१०० आणि त्या जातीचे ‘एन’वाले प्रोसेसर डेव्हलपमेंटसाठी घेऊच नयेत, आय३-एन३०५ सुद्धा नाही. ‘एन’वाल्यांत मोठा कोअर एकही नसतो, आणि आय३ या नावाखाली त्यांतले काही सहज खपून जातात.

एएमडीच्या रायझनमध्ये फसगत याहून बेमालूम आहे. ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा पाहायचा, कारण आतली रचना कोणत्या पिढीची ते तोच सांगतो. रायझन ५ ७५२०यू चा तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही २०१९ सालची रचना, चार कोअर. रायझन ५ ७५३०यू चा तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. नावात फरक एका अंकाचा, दुकानात दोघांवर ‘रायझन ५, सेव्हन थाउजंड सिरीज’ असाच स्टिकर. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅमवर चालतो, म्हणजे रॅम पुढे वाढवण्याचे दार तिथेच बंद. स्वस्त म्हणून ८ जीबीवाला ७५२०यू घेतला तर तिसऱ्या वर्षी दुसरा लॅपटॉप घेण्याची तयारी ठेवावी.

एसएसडी ५१२ जीबीची, एनव्हीएमई या वेगवान जातीची. विंडोज ती ४७६ जीबी दाखवते, यात लबाडी नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. ईएमएमसी (मंद, स्वस्तातले स्टोरेज) लिहिलेले काहीही घेऊ नये. स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस असावी. लॅपटॉप बाजूने आणि वरून तिरका धरून पाहिला आणि रंग पालटले तर ती स्वस्तातली टीएन. २५० निट्सची (हे उजेडाचे माप) स्क्रीन वर्गात चालते, ओसरीवर बसून काम करणाऱ्याला ३०० च्या वरची लागते.

पुण्या-बंगळुरूच्या सल्ल्यांत जी गोष्ट कधी नसते ती आपल्याकडे पहिली : ऊन. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या घरात असतो, कधी त्याच्याही वर. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. ॲपल तर १० ते ३५ अंश असे स्पष्ट छापते. ही मर्यादा ओलांडली म्हणून यंत्र लगेच जळत नाही. होते असे की प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. बाहेरची हवा २८ अंश असेल तर त्याच्यात आणि हवेत ६७ अंशांचा फरक असतो, ४३ असेल तर ५२ चा. उष्णता बाहेर पडते ती या फरकाच्या जोरावर. म्हणजे तोच पंखा, तीच तांब्याची नळी, पण उष्णता काढण्याची ताकद वीस-बावीस टक्क्यांनी घटली. डिसेंबरात तीन मिनिटांत होणारा बिल्ड मेमध्ये रेंगाळतो तो यामुळे, व्हायरसमुळे नव्हे. खान्देशात म्हणूनच अगदी सडपातळ, ‘पेपरसारखा पातळ’ लॅपटॉप घेण्यात शहाणपण नाही. बूड जरा जाड, खाली रुंद जाळी, मागे किंवा बाजूला हवा बाहेर टाकणारी मोठी खाच, असा घ्यावा. बिनपंख्याचे यंत्र शांत असते, पण लांबलेले काम उन्हाळ्यात ते पेलत नाही.

हवा बहुतेक लॅपटॉप खालून ओढतात. गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या गोधडीवर ठेवला की जाळी बंद होते. दोन्ही मागच्या कोपऱ्यांखाली बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या तरी पुष्कळ फरक पडतो, हजार रुपयांचा कूलिंग पॅड लागतोच असे नाही. घरातल्या वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतासमोर मात्र लॅपटॉप ठेवू नये. हवा गार असते हे खरे, पण त्यासोबत क्षाराच्या पाण्याचे बारीक शिंतोडे येतात आणि कीबोर्डमधून आत जातात. शिवाय आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आहे, आणि जिनिंगजवळच्या घरांत कापसाची रुई. ही रुई पंख्यातून जाऊन तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या बारीक पात्यांवर नमद्यासारखी साचते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, मागचे झाकण उघडून पंखा सोडवावा लागतो. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्टही बदलावी.

उष्णतेचा दुसरा मार बॅटरीवर. लिथियमची बॅटरी गरम जागी आणि शंभर टक्के भरलेली असली की लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. कायम प्लगला लावून काम करणाऱ्याने ती चालू ठेवावी. दुपारी बंद मोटारीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य स्वतःच्या हाताने कापणे.

विजेचेही तेच. यावल-रावेर असो की शहादा-तळोदा, खेड्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पाटीवर ‘१० तास बॅकअप’ लिहिलेले असते, ते सोडून बॅटरी किती वॉट-अवरची, म्हणजे तिच्यात वीज किती मावते, हे विचारावे. ४१-४२ ची बॅटरी कमी, ५० पुढची बरी. नुसते कोड लिहिताना लॅपटॉप साधारण दहा वॅट खातो, बिल्ड करताना तीसच्या पुढे जातो. वॉट-अवरला या वॅटने भागून किती तास मिळतात ते स्वतः पाहावे. टाइप-सी वरून चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर उत्तम. ६५ वॅटचा कोणताही चांगला पीडी (टाइप-सी वरून जास्त वीज देणारा) चार्जर बहुधा चालतो, आणि हॉस्टेलला अडॅप्टर विसरला तरी मित्राच्या चार्जरवर निभावते. घरच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर कागदावर १,८०० वॉट-अवर होतात, हाती हजार-बाराशे पडतात. त्यावर पंखा, दिवे, राउटर आणि ६५ वॅटचा लॅपटॉप सहज चालतो. १८०-२०० वॅटचा अडॅप्टर पूर्ण ताकदीने लावला तर पंख्याच्या वाट्याला फार काही उरत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात ही तक्रार जुन्या वाड्यांतून आणि मळ्यातल्या घरांतून हमखास येते. लॅपटॉप बदलून आणूनही ती जात नाही, कारण दोष घराचा असतो. तीन पिनांच्या प्लगमधली वरची मोठी पिन अर्थिंगची. ती जोडलेलीच नसली तर अडॅप्टरमधल्या फिल्टरमधून झिरपणारा किंचित प्रवाह अंगावाटे वाट शोधतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी घालायचे राहून गेले असेल तर तेही घालावे. पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग घुसवण्याचा जुगाड करू नये.

आता मुलांचा आवडता विषय, गेमिंग लॅपटॉप. ‘कोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागते’ असे घरी पटवून दिले जाते. वेबसाइट, ॲप, डेटाबेस, जावा, पायथन यांतल्या कशालाही ते लागत नाही. मशीन लर्निंगला लागते, पण चार जीबीच्या कार्डावर मोठे मॉडेल मावत नाही, आणि शिकण्यापुरते काम गुगल कोलॅब किंवा कॅगल या संकेतस्थळांवर फुकटात होते. अडीच किलोच्या आसपासचे यंत्र, वर अर्ध्या किलोच्या पुढचा अडॅप्टर आणि दोन-अडीच तासांची बॅटरी हे सगळे भुसावळ-जळगाव अप-डाउन करणाऱ्या मुलाला पाठीवर वागवायचे असते. गेम खेळायचेच असतील तर तसे सांगून घ्यावा, अभ्यासाच्या नावावर नको. मॅकबुक चांगला आहे, टिकाऊ आहे, आणि आयफोनची ॲप बनवायची तर त्यासाठीचे एक्सकोड फक्त ॲपलच्या मॅकवरच चालते. पण रॅम आणि स्टोरेज नंतर वाढत नाही. ८ जीबीची मॉडेलेही निघालेली आहेत, घेताना ती टाळावीत.

बजेट पंचवीस हजारांच्या आत असेल तर नव्या कचऱ्यापेक्षा ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप केव्हाही बरा : थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक या मालिकांतला. थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, कीबोर्ड दणकट आहे, सुटे भाग मिळतात. मात्र इथे पिढी पाहावी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. आय५-६३००यू, आय५-७३००यू अशी नावे असलेल्या सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांवर विंडोज ११ जबरदस्तीने बसवून ती विकली जातात. लिनक्स टाकायचे असेल तर ती चालतात, नाहीतर सोडून द्यावीत. पैसे देण्यापूर्वी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ अशी इंग्रजी अक्षरांत आज्ञा द्यावी. तयार होणाऱ्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून मागावेत. बायॉस उघडून पासवर्ड नाही ना ते पाहावे. आणि विंडोज नव्याने टाकताना इंटरनेट जोडून पाहावे. स्क्रीनवर कुठल्यातरी कंपनीचे नाव येऊन तिचा लॉगिन मागितला गेला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेले आहे. ते भाव पाडूनही घेऊ नये.

नवा असो की जुना, बिल जीएसटीचे पक्के आणि त्यावर सीरियल नंबर. १८ टक्के वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या लॅपटॉपची वॉरंटी मागताना नाकी नऊ येतात. तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली हे दुकानातच पाहावे. तारीख महिन्यांपूर्वीची असेल तर तो डेमो पीस असू शकतो. ‘ऑनसाइट’ (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हेही तेव्हाच विचारावे. अक्कलकुव्याच्या मुलाला ‘कॅरी-इन’ म्हणजे मदरबोर्डसाठी दुसऱ्या जिल्ह्यात खेटे.

दुकानदारांकडे मागणी एवढीच की पाटीवर प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅमचा प्रकार आणि रिकामे स्लॉट, बॅटरीचे वॉट-अवर आणि वॉरंटीचा प्रकार लिहावा. यात त्यांचा एक पैसा जात नाही. महाविद्यालयांनी मात्र थोडे कष्ट घ्यावेत. कोणत्या सत्रात कोणते सॉफ्टवेअर लागते, त्याला किती रॅम लागते, आणि लॅबमध्ये कोणते काम भागते याची एका पानाची यादी अभ्यासक्रम शिकवणारे प्राध्यापक तासाभरात करू शकतात. ती माहितीपुस्तिकेतच छापावी किंवा प्रवेश निश्चित करतानाच पालकांच्या हातात द्यावी. आज ही चौकशी वर्ग सुरू झाल्यावर होते, आणि तोवर लॅपटॉपचा पहिला हप्ता भरून झालेला असतो.

आपला,
संगणक दुरुस्ती आणि प्रोग्रामिंग शिकवण्याच्या व्यवसायातील एक वाचक,
भुसावळ, जि. जळगाव